कोच हाकलायच्या आधी कोर्टवरचे पाच जण बघा

वॉशिंग्टन विझार्ड्स या एनबीए संघाबद्दलची तुमची पोस्ट वाचली. २०२३-२४ मध्ये १५-६७ (१५ विजय, ६७ पराभव), २०२४-२५ मध्ये १८-६४, सलग १६ पराभवांची रांग, आणि एवढं करून ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) हाती सहावा क्रमांक. तुमचे प्रश्न तीन: कोच ब्रायन कीफला काढावं का, डिफेन्स इतका का गळतो, आणि हे रीबिल्ड (संघाची नव्याने बांधणी) संपणार कधी. डेट्रॉइट पिस्टन्सच्या चाहत्यांना हे तिन्ही तोंडपाठ आहेत. २०२३ च्या ३० ऑक्टोबरपासून २८ डिसेंबरपर्यंत डेट्रॉइट सलग २८ सामने हरलं, आणि त्या दोन महिन्यांत चाहत्यांनी याच तीन प्रश्नांवर एकमेकांची डोकी फोडली. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो. मी प्रशिक्षक नाही, हे सगळं बाहेरून बघून बनवलेलं मत आहे, तेव्हा जपून घ्या. पिक-अँड-रोल (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवायची, म्हणजे स्क्रीन लावायचा, आणि मग रिंगकडे धावायचं, म्हणजे रोल करायचं), सॅलरी कॅप (खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा) वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी डिफेन्स. ‘दर सामन्याला आपण किती गुण देतो’ हा आकडा सोडून द्या, खेळाच्या वेगामुळे तो फसवतो. १०५ पझेशनच्या (पझेशन म्हणजे बॉल हाती असलेली एक खेळी) सामन्यात ११५ गुण दिले तर दर शंभर पझेशनला १०९.५ पडतात. ९५ पझेशनच्या सामन्यात ११० दिले तर ११५.८. दुसऱ्या सामन्यातला बचाव वाईट, पण धावफलकावर तोच चांगला दिसतो. पझेशन घरी मोजता येतात: फील्ड गोलचे प्रयत्न (फ्री थ्रो सोडून सगळे शॉट), वजा आक्रमक रिबाउंड (स्वतःचा शॉट चुकल्यावर परत मिळवलेले बॉल), अधिक टर्नओव्हर (गमावलेले बॉल), अधिक फ्री थ्रोची ०.४४ पट. दोन्ही संघांचं काढा आणि सरासरी घ्या. निकाल लागून गेल्यावरची शेवटची पाच-सहा मिनिटं वगळता आली तर उत्तम.

दुसरं, समोरच्या संघाची थ्रीची (रेषेबाहेरच्या तीन गुणांच्या शॉटची) टक्केवारी दहा-पंधरा सामन्यांपुरती जवळजवळ नशीबच असते. त्यावरून कोचला शिव्या देऊ नका. थ्री किती मारू दिले, त्यातले कोपऱ्यातले किती, हे मोजा. कोपऱ्यात रेषा २२ फुटांवर आहे आणि वर मध्यभागी २३ फूट ९ इंचांवर, म्हणजे कोपरा मोकळा सोडणं हा सगळ्यात महाग निष्काळजीपणा. टक्केवारी आपोआप खाली-वर होते, प्रयत्नांची संख्या मात्र बचावाची रचना सांगते.

तो कोपरा मोकळा का पडतो? स्क्रीन लागला, आपला सेंटर मागे सरकून पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात) थांबला, बॉल-हँडलर आणि रोल करणारा दोघंही त्याच्यावर चालून आले. अशा वेळी दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यातला बचावपटू, ज्याला ‘लो मॅन’ म्हणतात, त्याने आत येऊन रोल करणाऱ्याला अंग लावायचं आणि पास बाहेर गेला की परत धावायचं. आधीपासून आत उभं राहून चालत नाही, कारण कुणाला अंगाजवळ गार्ड करत नसताना पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबलं की टेक्निकल फाउल मिळतो. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. १९-२० वर्षांची मुलं इथे अर्धा सेकंद उशिरा निघतात. उशीर झाला म्हणून परत जाताना सरळ पळत सुटतात, शेवटची दोन-तीन पावलं आखूड करत नाहीत, समोरचा नुसता पंप फेक (शॉट मारण्याचा खोटा आव) दाखवतो आणि आपला माणूस हवेत. मग ड्राइव्ह, मग फाउल. टीव्हीवर दोष त्या हवेतल्या माणसाला किंवा रिंगखालच्या तुमच्या सेंटरला, अ‍ॅलेक्स सारला मिळतो, चूक मात्र दोन पास आधीची असते. पुढचा सामना बघताना स्क्रीन लागला त्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि लांबच्या कोपऱ्यातल्या बचावपटूचे पाय बघा. निदान एक पाय पेंटमध्ये आहे का, नजर बॉल आणि स्वतःचा माणूस दोघांवर आहे का? वीस वेळा थांबवलंत की कोण गळतोय ते कळतं. हे दुरुस्त होतं, पण वेळ लागतो, आणि कोच बदलला की ‘मदत कुणी करायची’ हे नियम पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागतात. कीफ हे जानेवारी २०२४ मध्ये आधीचे कोच वेस अनसेल्ड ज्युनियर यांना बाजूला करून आलेले आहेत हे विसरू नका. ती गोळी एकदा झाडून झालीय.

आता खरा मुद्दा, आणि डेट्रॉइटला जो सगळ्यात महागात पडला तो. अर्धा डिफेन्स आपल्या ऑफेन्समध्ये असतो.

त्या २८ पराभवांच्या सुरुवातीला सामना सुरू करणारे पाच जण आठवून बघा: केड कनिंगहॅम, किलियन हेज, ऑसार थॉम्पसन, आयझाया स्टुअर्ट, जेलन ड्युरन. यातल्या हेज, थॉम्पसन आणि ड्युरन या तिघांना समोरचे संघ तीन-पॉइंट रेषेवर बिनधास्त मोकळं सोडायचे. थॉम्पसनने त्या पहिल्या हंगामात थ्री मारले ते १८.६ टक्क्यांनी. मग समोरचा संघ काय करणार? सगळे पेंटमध्ये गोळा. केड आत घुसला की तीन अंगं समोर. त्यातून दोनच गोष्टी निघतात, हिसकावलेला बॉल किंवा गर्दीतली चुकलेली लेअप (रिंगजवळचा शॉट). दोन्हींचा शेवट एकच: आपले तीन-चार जण समोरच्या रिंगखाली अडकलेले आणि समोरचा संघ तिनावर दोन धावत सुटलेला. बास्केट पडली असती तर त्यांना बेसलाइनबाहेरून बॉल आत टाकावा लागतो, आपल्याला मागे जाऊन उभं राहायला वेळ मिळतो. चोरलेल्या बॉलनंतर तो मिळत नाही. जगातला कुठलाही डिफेन्सिव्ह कोच अशा पझेशनवर काही करू शकत नाही. आणि लोक ‘डिफेन्स शिकवा’ म्हणून ओरडत होते, त्यात अनुभवी पत्रकारही होते.

या गर्दीवर इलाज बाकावर बसला होता. जेडन आयव्ही, २०२२ च्या ड्राफ्टमधला पाचव्या क्रमांकाचा पिक (निवड), आदल्या मोसमात नवखा असून सामन्याला १६ च्या वर गुण काढलेला. डेट्रॉइटचे तेव्हाचे कोच मोंटी विल्यम्स यांनी त्याला बाकावर ठेवलं आणि हेजला सुरुवात दिली. कारण काय, तर हेज बचाव बरा करतो. ज्याच्यासाठी आयव्हीची मिनिटं गेली त्या हेजला संघानेच फेब्रुवारी २०२४ मध्ये करारमुक्त केलं! शिवाय पाचही राखीव खेळाडू एकत्र उतरवायची सवय. केड बसला की कोर्टवर स्वतः शॉट तयार करणारा कुणीच नाही, चार मिनिटांत सामना हातचा जातो आणि त्याला परत यायचं ते पंधरा गुणांच्या खड्ड्यात. न्यायाने सांगायचं तर मोसमाच्या सुरुवातीला बोयान बोग्दानोविच जखमी होता, तो असता तर निदान एक खात्रीचा नेमबाज मिळाला असता. पण हे कारण डिसेंबरपर्यंतच चालतं. १४-६८ चं स्पष्टीकरण त्यात बसत नाही.

म्हणून कोचबद्दल माझा निकष हा आहे (पटला नाही तर सोडून द्या). हरणं हे कारण नाही, असल्या कोवळ्या संघाने हरायचंच आहे. बघायचं ते इतकंच: जी गोष्ट चालत नाही हे तीन आठवड्यांत दिसलं, ती तो बदलतो का? तुमच्या पहिल्या दोन-तीन मुलांपैकी एक तरी कायम कोर्टवर असतो का? टाइमआउटनंतरच्या पहिल्या पझेशनला काहीतरी आखलेलं दिसतं का? या तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर काढा, आणि लवकर काढा. विल्यम्सना जून २०२३ मध्ये ६ वर्षांसाठी ७ कोटी ८५ लाख डॉलर दिले आणि एका मोसमानंतर जून २०२४ मध्ये घरी पाठवलं. लोक म्हणाले, एवढे पैसे बुडवून कोण काढतं? कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये धरलाच जात नाही. तो मालकाच्या खिशाचा प्रश्न, संघाच्या बांधणीचा नाही. त्यामुळे ‘करार बाकी आहे’ ही सबब चाहत्याने देऊ नये, मालकाने दिली तर समजू शकतो.

आणि विल्यम्स काही ऐरेगैरे नव्हते. फिनिक्सबरोबर ६४ सामने जिंकून २०२२ चे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेले. तयार संघाला पुढे नेणारा कोच आणि कोवळ्या पोरांना उभा करणारा कोच, या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. मोठ्या नावामागे धावणारं व्यवस्थापन हे विसरतं.

रीबिल्ड कधी संपतं? लॉटरीवर (ड्राफ्टमधला निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीवर) डोळे लावून बसलात तर संपतच नाही. २०१९ मध्ये आलेल्या नियमाने सगळ्यात वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी, आणि तळाच्या संघाला थेट पाचव्यावर घसरण्याची शक्यता ४७.९ टक्के. डेट्रॉइट २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षं तळाला होतं आणि दोन्ही वेळा पाचवं आलं: ऑसार थॉम्पसन, मग रॉन हॉलंड. तुम्ही २०२५ मध्ये खालून दुसरे होतात, तर त्या जागेवरून जास्तीत जास्त जितकं खाली जाता येतं तितकं, म्हणजे सहाव्यावर गेलात. तिथे मिळालेला ट्रे जॉन्सन वाईट नाही, पण मुद्दाम हरण्याचा भाव किती मिळतो ते बघा.

लॉटरीपेक्षा घड्याळ बघा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा स्वस्त करार चार वर्षांचा. कनिंगहॅम २०२१ चा, म्हणजे २०२४-२५ हे त्याचं शेवटचं स्वस्त वर्ष. नवा पाच वर्षांचा, सुमारे २२ कोटी ४० लाख डॉलरचा करार त्यानंतर लागू होणार होता. मे २०२४ मध्ये डेट्रॉइटच्या व्यवस्थापनाचे प्रमुख म्हणून आलेल्या ट्रेजन लँगडन यांनी नेमकं तेच वर्ष धरलं आणि मोकळ्या कॅपमध्ये मोठा तारा न घेता गरजेची माणसं घेतली: टोबायस हॅरिस दोन वर्षांना ५ कोटी २० लाख, मलिक बीझली एका वर्षाला फक्त ६० लाख, आणि टिम हार्डवे ज्युनियर डॅलसकडून, वर दुसऱ्या फेरीचे तीन पिक घेऊन. बीझलीने त्या मोसमात ३१९ थ्री मारले. कोच जे. बी. बिकरस्टाफ, ज्यांना क्लीव्हलँडने नुकतंच काढलं होतं. मुलं तीच, आयव्ही तर १ जानेवारी २०२५ ला पाय मोडून बाहेर, तरी १४ चे ४४ विजय झाले. डिफेन्स सुधारला तो आधी पेंट मोकळा झाल्यामुळे आणि मग बिकरस्टाफमुळे, असं माझं मत. उलटा क्रम मांडणारे बरेच आहेत, त्यांच्याशी भांडायला आता अंगात बळ नाही.

तुमचं घड्याळ: सारचा करार २०२७-२८ पर्यंत. बिलाल कूलिबाली त्याच्या एक वर्ष आधी. मॅककॉलम आणि मिडलटन या अनुभवी खेळाडूंचे करार २०२६ ला संपणारे होते, तेव्हा कॅप मोकळी होणार असं २०२५ मधलं गणित होतं. कॅप मोकळी झाल्यावर कुणा मोठ्या नावाला चार वर्षांचा करार दिला तर घाबरा. दोन खात्रीचे नेमबाज आणि बोलून बचाव जागा ठेवणारा एक तिशीतला फॉरवर्ड, कमी मुदतीवर, एवढंच बघा.

पिकांच्या उधारीकडे, म्हणजे दुसऱ्या संघांना देऊन टाकलेल्या भावी पिकांकडे, कुणी बघत नाही म्हणून हेही लिहितो. डेट्रॉइटने नोव्हेंबर २०२० मध्ये स्टुअर्टसाठी दिलेला संरक्षित पिक (ठरलेल्या क्रमांकांच्या आत आला तर देणाऱ्याकडेच राहणारा) हात बदलत फिरला आणि शेवटी २०२५ मध्ये सतराव्या क्रमांकावर मिनेसोटाकडे गेला. जवळजवळ पाच वर्षं ते कर्ज डोक्यावर. लागोपाठ दोन भावी वर्षं पहिल्या फेरीच्या पिकाविना राहता येत नाही असा नियम आहे, त्यामुळे एक संरक्षित पिक लटकत असला की आसपासच्या वर्षांचे पिकही मनासारखे विकता येत नाहीत. तुमचाही पहिल्या फेरीचा पिक न्यूयॉर्क निक्सकडे अडकला होता: २०२६ मध्ये पहिल्या आठात पडला तरच तो तुमचा राहणार होता, आणि मग त्यांना दुसऱ्या फेरीच्या पिकांवर भागवावं लागणार होतं. म्हणजे २०२५-२६ मध्ये व्यवस्थापनाला जिंकण्यात काडीचा रस नसणं साहजिक होतं. अशा मोसमात फेब्रुवारीत एखादा बरा खेळाडू अचानक ‘पाठदुखी’ने बसला तर कीफच्या नावाने खडे फोडू नका. हा हुकूम वरून आलेला असतो.

एक अवांतर.    पुण्या-मुंबईतून बघत असाल तर वॉशिंग्टनचा संध्याकाळी सातचा सामना तुमच्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला लागतो, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेचारला. हरण्याच्या मोसमात मार्चनंतरचे विझार्ड्सचे सामने झोप मोडून बघण्यासारखे नसतात. बघायचेच तर दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवर सार आणि कूलिबाली कोर्टवर आहेत तेवढीच मिनिटं बघा.