डिस्प्यूट मागे घेऊ नका: २०२०च्या बिग टेन फायनलच्या तिकिटांनी मला दिलेला धडा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आलं. तुम्ही लिहिलंय की कॉलेज फुटबॉलच्या कॉन्फरन्स चॅम्पियनशिपची, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या एका लीगच्या फायनलची, तिकिटं उन्हाळ्यातच एका रिसेल साइटवरून (दुसऱ्यांची तिकिटं पुन्हा विकणाऱ्या साइटवरून) घेतली, सामना जवळ आला तरी ती हातात पडेनात म्हणून कार्डाच्या बँकेत डिस्प्यूट टाकला, म्हणजे व्यवहारावर हरकत घेऊन पैसे परत मागितले, आणि आता विक्रेता म्हणतोय, "आधी डिस्प्यूट मागे घ्या, मग तिकिटं सोडतो." मागे घेऊ का, असा तुमचा प्रश्न आहे.

नका घेऊ. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा.

रिसेल साइट कशी चालते, डिस्प्यूट कसा टाकतात वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी वकील नाही. खाली लिहितोय ते ओहायोत राहणाऱ्या एका माणसाचं २०२० सालचं अनुभवाचं बोलणं आहे. तुमच्या बँकेचे आणि कार्डाचे नियम तुम्ही स्वतः वाचाच.

आम्ही कोलंबसजवळ डब्लिनला राहतो. मुलगा तेव्हा दहावीत होता. इथे वाढलेल्या मुलांचा शरद ऋतूतला शनिवार म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ, आणि मुलासोबत बसून बसून मीही त्यात ओढला गेलो. २०२०च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी अशाच रिसेल साइटवरून बिग टेनच्या, म्हणजे ओहायो स्टेट ज्या कॉन्फरन्समध्ये खेळतं तिच्या, फायनलची चार तिकिटं घेतली: इंडियानापोलिस, ल्युकस ऑइल स्टेडियम, ५ डिसेंबर. आमच्याकडून आय-७० महामार्गाने तीन तासांचा रस्ता. फी धरून साधारण अकराशे डॉलर झाले. हॉटेलही तेव्हाच घेतलं आणि थोडे पैसे वाचतात म्हणून रिफंड न मिळणारं घेतलं. आपला संघ फायनलला पोचेल की नाही हे मार्चमध्ये कोणालाच माहीत नसतं, पण तो धोका मी समजून उमजून घेतला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग महामारी आली. ११ ऑगस्टला बिग टेनने सगळा शरद हंगाम पुढे ढकलला. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) जस्टिन फील्ड्सने 'आम्हाला खेळायचंय' म्हणून ऑनलाइन याचिका काढली, तिच्यावर तीन लाखांहून जास्त सह्या झाल्या. खेळाडूंचे आईबाप शिकागोजवळ रोझमाँटला कॉन्फरन्सच्या कार्यालयासमोर जाऊन उभे राहिले. मी इकडे तिकीट कंपनीकडे रिफंड मागत होतो. उत्तर आलं की हंगाम 'पुढे ढकलला' आहे, 'रद्द' झालेला नाही, आणि रिफंड फक्त रद्द झालेल्या कार्यक्रमाचा मिळतो. मी बँकेत डिस्प्यूट टाकला. काही दिवसांत बँकेने तात्पुरते पैसे खात्यावर जमाही केले. इथपर्यंत मी जे केलं ते बरोबर होतं.

१६ सप्टेंबरला बिग टेनने एकमताने निर्णय फिरवला. २३-२४ ऑक्टोबरच्या आठवड्यात हंगाम सुरू, फायनल १९ डिसेंबरला. मुलाने उडी मारली, मी सुद्धा. त्याच दिवसाच्या घोषणेत आणखी दोन गोष्टी होत्या: खेळाडूंची रोज अँटिजेन चाचणी, आणि सामान्य प्रेक्षकांना तिकीटविक्री नाही. ती दुसरी गोष्ट मी वाचलीच नाही. बातमीचा पहिला परिच्छेद वाचला आणि फोन बाजूला ठेवला.

दोन दिवसांनी तिकीट कंपनीची मेल आली. तुम्हाला आलेल्या मेलची जणू थोरली बहीणच. तुमची ऑर्डर नव्या तारखेसाठी वैध आहे, मात्र बँकेत डिस्प्यूट उघडा असल्याने ती अडकली आहे, तो मागे घेतल्यावर पुढची कार्यवाही होईल. मी लगेच बँकेला फोन केला. पलीकडच्या बाईंनी दोनदा विचारलं, "नक्की मागे घ्यायचाय?" मी दोनदा हो म्हटलं. तात्पुरते जमा झालेले पैसे परत गेले. त्या क्षणी माझ्या हातातला एकमेव दोर मी स्वतः सोडून दिला.

त्या फोनआधी मी माझी ऑर्डर नीट उघडून बघायला हवी होती. तिच्यावर रांग नव्हती, आसन क्रमांक नव्हता, फक्त 'लोअर लेव्हल, कॉर्नर' एवढंच. म्हणजे मार्चमध्ये मला विकताना विक्रेत्याच्या हातात तिकीट नव्हतंच. पुढे कुठून तरी मिळवू या भरवशावर त्याने ते विकलं होतं. आणि सप्टेंबरमध्ये कॉन्फरन्सनेच सामान्यांना तिकिटं विकायची नाहीत असं ठरवल्यावर तो ती आणणार कुठून? ही साधी गोष्ट मला जानेवारीत सुचली. तुमच्या ऑर्डरवर सेक्शन, रांग आणि आसन क्रमांक आहे का, हे आज संध्याकाळी बघा. नसेल तर मेलवर लेखी विचारा. उत्तरात नंबर आले नाहीत तर जे समजायचं ते समजा.

पुढे तो हंगाम कसा गेला हे आठवत असेल. १४ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मेरीलँडशी सामना होता. तो आधीच रद्द झाला होता, कारण मेरीलँडच्या संघात लागण झाली होती. २८ नोव्हेंबरचा इलिनॉयचा सामना ओहायो स्टेटच्या स्वतःच्या लागणीमुळे गेला. १२ डिसेंबरचा मिशिगनचा सामना, ज्यासाठी कोलंबस वर्षभर जगतं, मिशिगनमधल्या लागणीमुळे गेला. ५ डिसेंबरला, म्हणजे माझ्या मूळ तिकिटाच्या तारखेला, ओहायो स्टेट मिशिगन स्टेटशी खेळत होतं, आणि मुख्य प्रशिक्षक रायन डे स्वतः कोविडमुळे घरी होते. माझी हॉटेलची खोली त्या रात्री इंडियानापोलिसमध्ये रिकामी पडली होती. तिचे पैसे गेले ते गेलेच.

फायनलसाठी किमान सहा सामने खेळलेले असावेत असा बिग टेनचा नियम होता. ओहायो स्टेटचे पाचच झाले होते, पाचही जिंकलेले. कॉन्फरन्सने ९ डिसेंबरला तो नियमच काढून टाकला. माझं मत विचाराल तर मैदानावरच्या हिशेबाने ओहायो स्टेटच पात्र होतं, कारण त्यांच्या जागी जाऊ शकणाऱ्या, सहा विजय आणि एक पराभव असलेल्या इंडियानाचा तो एकमेव पराभव ओहायो स्टेटकडूनच होता, ४२-३५. पण स्वतःच केलेला नियम हंगाम संपता संपता बदलणं हे इंडियानाच्या पोरांवर अन्यायाचं झालं. त्यांनी सगळा हंगाम त्या नियमाला धरून काढला होता. हे मी ओहायो स्टेटचा चाहता असूनही म्हणतोय, आणि घरात मुलाशी यावरून माझं कडाक्याचं भांडण झालंय. मला जास्त लागलं ते वेगळंच: एवढी मोठी कॉन्फरन्स परिस्थिती बघून आठवड्याभरात नियम वाकवू शकते, आणि तिकीट कंपनी मात्र 'पुढे ढकलला' आणि 'रद्द' या दोन शब्दांवर अडून बसते.

१९ डिसेंबरला दुपारी १२ वाजता सामना सुरू झाला. आम्ही चौघं, म्हणजे आम्ही तिघं आणि व्हिडिओ कॉलवर मुलाचा मित्र, घरातच होतो. सामान्य प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता, आणि त्या प्रचंड बंदिस्त स्टेडियममध्ये खेळाडूंचं ओरडणं टीव्हीवर स्पष्ट ऐकू येत होतं. क्रिस ओलावेसह बरेच खेळाडू नव्हते. मध्यांतराला प्रतिस्पर्धी नॉर्थवेस्टर्न १०-६ पुढे होतं. फील्ड्सचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, त्याचा अंगठा दुखावला होता, आणि सामनाभरात पास फेकून त्याला जेमतेम ११४ यार्ड मिळाले. मग आमचा ट्रे सर्मन चेंडू घेऊन धावायला लागला. एकट्याने ३३१ यार्ड! ओहायो स्टेटसाठी एका सामन्यात धावण्याचा एडी जॉर्जचा १९९५चा ३१४ यार्डांचा विक्रम मोडला. २२-१० ने जिंकलो. मुलगा मधेच गप्प झाला आणि म्हणाला, "बाबा, आपण तिथे असायला हवे होतो." मला काही बोलता आलं नाही.

सोमवारी मी कंपनीला लिहिलं. उत्तर: कार्यक्रम ठरलेल्या तारखेला पार पडला आहे, त्यामुळे रिफंड लागू नाही. मी विचारलं, पार पडला, पण मला आत जाता आलं का? त्यावर उत्तर नाही. चॅटवर चार वेगवेगळे एजंट, चौघांचं वाक्य शब्दशः तेच. एकाने वर्षभराचं क्रेडिट देऊ केलं. बँकेत गेलो तर म्हणाले की ग्राहकाने स्वतः मागे घेतलेला डिस्प्यूट त्याच व्यवहारावर पुन्हा उघडता येत नाही. त्या बाईंनी दोनदा का विचारलं होतं ते तेव्हा कळलं. शेवटी ओहायोच्या अॅटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) ग्राहक म्हणून तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीने फी वगळून निम्मे पैसे परत केले आणि निम्म्याचं क्रेडिट दिलं. ते क्रेडिट २०२१च्या अखेरीस न वापरता संपलं. नोंदवलेली तक्रार वाया जात नाही हे माझं मत आहे, पण ती शेवटची पायरी, पहिली नव्हे.

त्या एका आठवड्यात काय काय झालं ते बघा, म्हणजे 'रद्द', 'पुढे ढकलला' हे शब्द किती निसरडे आहेत ते कळेल. बाकीच्या कॉन्फरन्सच्या फायनलही तेव्हाच होत्या. अटलांटात अलाबामा-फ्लोरिडाचा सामना मर्यादित प्रेक्षकांसमोर झाला. लॉस एंजेलिसमध्ये पॅक-१२ कॉन्फरन्सची फायनल प्रेक्षकांविना झाली, आणि वॉशिंग्टनच्या संघात लागण झाल्याने चार दिवस आधी संघच बदलला. ऑरेगन ऐनवेळी आलं आणि यूएससीला ३१-२४ ने हरवून गेलं. सन बेल्ट कॉन्फरन्सची कोस्टल कॅरोलायना-लुइझियाना फायनल थेट रद्द झाली आणि दोघांना संयुक्त विजेते जाहीर केलं. म्हणजे खेळ एक, आठवडा एक, आणि तिकीटधारकाच्या दृष्टीने प्रत्येक ठिकाणी वेगळं प्रकरण. तुमच्या तिकिटाच्या अटींमध्ये 'प्रेक्षकांना प्रवेश नाकारला तर' किंवा 'संघ बदलला तर' यावर काही वाक्य आहे का ते शोधा. बहुतेक ठिकाणी नसतं. तीच त्यांची पळवाट असते.

आता बँकेबद्दल थोडं. क्रेडिट कार्डासाठी १९७४चा फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्ट आहे. ज्या स्टेटमेंटवर तो व्यवहार पहिल्यांदा आला ते पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवायचं असतं, आणि ते पत्र बिल भरायच्या पत्त्यावर नाही तर चौकशीसाठी दिलेल्या वेगळ्या पत्त्यावर पाठवायचं असतं. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि जास्तीत जास्त ९० दिवसांत निकाल. महिनोनमहिने आधी घेतलेल्या तिकिटांना ही मुदत केव्हाच संपलेली असते. माझीही ऑगस्टमध्ये संपली होती. तेव्हा मला वाचवलं ते कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या) स्वतःच्या नियमांनी, ज्यात पुढच्या तारखेच्या कार्यक्रमांसाठी मुदत बरेचदा कार्यक्रमाच्या दिवसापासून मोजतात. म्हणून आत्ता उघडा असलेला डिस्प्यूट हे तुमचं सोनं आहे. डेबिट कार्डाला हा कायदा लागू होत नाही, त्यामुळे तिकिटं, हॉटेल, विमान या गोष्टींना डेबिट कार्ड वापरू नका असं मी ओळखीतल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो.

विक्रेता म्हणेल, डिस्प्यूट उघडा असताना आम्ही तिकीट देऊच शकत नाही. त्याला लिहा: तिकिटं माझ्या खात्यात आली, सेक्शन-रांग-आसन दिसलं, की मी त्याच दिवशी बँकेला कळवतो. खरं तिकीट असलेला विक्रेता यावर काही तरी मार्ग काढेल. नसलेला पुन्हा तीच मेल पाठवेल. फोनवर बोलू नका. बोललातच तर लगेच मेल करून 'आज आपलं असं असं बोलणं झालं' हे लिहून ठेवा. चॅटची खिडकी बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या; माझे पहिले दोन संवाद असेच हातचे गेले. आणि क्रेडिटचं बटण कुठल्याही घाईत दाबू नका, कारण ते स्वीकारलं की बऱ्याच ठिकाणी रोख रिफंडचा हक्क सोडल्यासारखं धरतात.

हॉटेलबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगतो. इंडियानापोलिसला फायनलच्या आठवड्यात डाउनटाउनमध्ये खोल्या भलत्या महाग होतात. थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येणारी खोलीच घ्या, नाही तर शहराबाहेर राहून गाडीने या.

तुम्हाला आलेली मेल नाव-पत्ता आणि ऑर्डर क्रमांक काढून इथे टाकलीत तर मी बघून सांगेन, त्यात तिकिटं सोडण्याची तारीख दिलीय की नुसतं 'लवकरच' लिहिलंय ते. मला आलेल्या मेलमध्ये 'लवकरच' होतं.