तक्ता भरलास, आता खोडायला घे

प्रिय मित्रा,

तुझा पेस्टलचा (PESTEL) तक्ता, म्हणजे धंद्यावर बाहेरून काय काय परिणाम होऊ शकतो त्याची यादी, पाहिला. राजकीय ते कायदेशीर, सहाही रकाने काठोकाठ भरलेत. साहेब खूश होतील. पण तुमची कंपनी गोव्यात वेर्ण्याला पुठ्ठ्याची खोकी बनवते, आणि यातल्या कुठल्या मुद्द्याने पुढच्या वर्षीचा बेत बदलतो ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

आपल्या गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींचंच बघ. तेजीच्या काळात डिचोली-सांग्यात ज्याच्या त्याच्या तोंडी खनिजाचा चीनमधला भाव. माल वाहायला टिप्पर घेऊ की बार्ज (नदीतली मालवाहू बोट), सगळा हिशेब त्यावर. धंदा बंद पडला तो मात्र भावामुळे नव्हे. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या. पोर्तुगीज काळातल्या कन्सेशनांची, म्हणजे खाणपरवान्यांची, 1987च्या कायद्याने लीज (ठरावीक मुदतीचे पट्टे) झाली होती. त्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007लाच संपली, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. पुढे नूतनीकरण केलेली 88 लीजही फेब्रुवारी 2018 मध्ये रद्द झाली. भाव रोज पेपरात येतो, मुदत फाईलीत पडून असते. टिप्परवाल्याला कोण सांगणार?

तुमचं मोठं गिऱ्हाईक औषध कंपन्या. म्हणजे त्यांच्यावर येईल ते तुमच्यावर येणार. अमेरिकेला माल धाडणाऱ्या कारखान्याची तपासणी तिथली एफडीए, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, करते. गंभीर दोष निघाले तर ताकीदपत्र देते, आणि ते तिच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. तुझ्या तक्त्यात याची एक ओळही नाही. 'जागतिकीकरण' मात्र दोनदा आहे! तसंच क्राफ्ट कागदाचं, म्हणजे खोक्यांच्या पुठ्ठ्याला लागणाऱ्या तपकिरी कागदाचं. तो बराचसा रद्दीपासून होतो, आणि रद्दी परदेशातूनही येते. तिचा भाव आणि वाहतुकीचं भाडं बघणारं तुमच्याकडे कोण आहे? खरेदीतल्या माणसाला विचार. त्याला बहुधा तुझ्याआधी कळलेलं असतं.

आता प्रत्येक मुद्द्यापुढे लिही: निर्णय कुणाच्या हातात, कधीपर्यंत कळेल, आणि तसं झालं तर आपण काय करणार. उदाहरणार्थ, मोठ्या गिऱ्हाइकाला ताकीदपत्र आलं तर नव्या मशीनचा आगाऊ पैसा रोखायचा. तिन्ही उत्तरं नसतील तर मुद्दा खोड. रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

सरकारी आदेश छापणारं गोव्याचं राजपत्र दर गुरुवारी निघतं. रटाळ असतं, तरी चाळत जा.

नवा तक्ता एका पानाचा कर आणि चतुर्थीच्या आधी पाठव. नंतर मी गावी असेन, तिथे फोनला रेंज नसते.

तुझा,
काका