दुसऱ्या खर्ड्याआधी

फोंडा, गोवा

अनेक आशीर्वाद.

खाजनावरचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीवरचा, तुझा लेख वाचला. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी आत्ता नको, ते काम सगळ्यात शेवटचं. जो परिच्छेद कदाचित उडणारच आहे, त्याचं शुद्धलेखन तपासून काय उपयोग?

आधी क्रियापदं बघ. मानस म्हणजे बांधातली पाण्याची झडप. तिच्याबद्दल 'मानशीच्या माध्यमातून पाण्याचे नियंत्रण करण्यात येते' असं तू लिहिलंयस. 'करण्यात येते' म्हटलं की करणारा लपतो, आणि पुष्कळदा तो लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतो. इथे तेच झालंय. भरतीचं पाणी चढतं तेव्हा त्याच्याच दाबाने मानशीची दारं मिटतात. ओहोटी लागली की आत साठलेलं पाणी ती दारं ढकलून नदीत उतरतं. एवढं कळल्यावर लिहिता येतं: 'भरती दार लावते, ओहोटी उघडते.' नुसता 'माध्यमातून' काढून 'द्वारे' घातला असतास, तर वाक्य गुळगुळीत झालं असतं, पण पोकळच राहिलं असतं. वर्तमानपत्री मराठीने ही सवय आपल्या सगळ्यांनाच लावली आहे.

मग 'असलेल्या' शोध. 'नदीच्या काठावर असलेल्या बांधाच्या खालच्या बाजूला असलेल्या शेतात' याऐवजी 'नदीकाठच्या बांधाखाली, शेतात' पुरतं. एका वाक्यात तिसरा 'च्या' आला की थांबायचं आणि वाक्य तोडता येतं का ते बघायचं.

'निसर्गरम्य', 'विलोभनीय' सरसकट काढ. त्या जागी खारं पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताचं नाव येऊ दे. शेतकऱ्याच्या तोंडची कोंकणी तशीच ठेव. अर्थ कंसात देऊ नकोस, पुढच्या वाक्यातल्या कृतीवरून तो कळला पाहिजे.

सुरुवातीचे दोन परिच्छेद झाकून तिसऱ्यापासून वाच. काही अडत नसेल, तर 'गोवा म्हटलं की' सकट ते दोन्ही गेले.

हे झाल्यावर लेख कागदावर छाप, ओळींत दुप्पट अंतर ठेवून. पडद्यावर डोळा ओळखीच्या वाक्यावरून घसरतो. मोठ्याने वाच, जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीची खूण कर आणि पुढे जा. वाचता वाचता दुरुस्ती करत बसलं की लय ऐकूच येत नाही. खुणा दुसऱ्या दिवशी सोडव. शुद्धलेखन त्यानंतर.

नवा खर्डा पाठवशील तेव्हा जुनाही जोड. काय काढलंस, ते मला आधी बघायचं आहे.