लघवी होते, तरी नळी का?

'लघवी होते, दुखत काही नाही, मग नळी कशाला?' हा लघवीच्या नळीबद्दलचा (कॅथेटर) तुमच्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे. पण लघवी करून आल्यावर लगेच केलेल्या सोनोग्राफीत ६५० मिली शिल्लक होती, असं तुम्हीच लिहिलंय. एरवी ४०० ते ५०० मिलीला मूत्राशय भरतं. म्हणजे त्यांचं रिकामं होतच नाहीये, भरल्या टाकीसारखं वरचं तेवढं सांडतंय. रात्री अंथरूण ओलं होतं तेही बहुधा त्यामुळेच. लघवी एकदम अडली की माणूस तळमळतो. हळूहळू तुंबत गेली की मूत्राशय ताणत जातं, जाणीव बोथट होते आणि दुखतही नाही.

म्हणून लघवी 'कंट्रोल' करणारी जी गोळी तुम्ही विचारताय, ती आत्ता नकोच. त्या प्रकारातली बरीच औषधं मूत्राशयाचा स्नायू सैल करतात, मग आणखी तुंबते. सर्दीच्या काही गोळ्या आणि अमिट्रिप्टिलीनही (नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर देतात ती गोळी) लघवी अशीच तुंबवतात, तेव्हा चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांपुढे ठेवा. बद्धकोष्ठता असेल तर तेही सांगा. लाजेपायी ते राहून जातं.

क्रिएटिनिन (किडन्यांचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) किती आहे आणि सोनोग्राफीत किडन्यांना सूज आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सूज असून क्रिएटिनिन वाढलं असेल तर नळीवर घासाघीस करू नका. अशा वेळी नळी घातल्यावर कधी कधी लघवीचा पूर येतो. तासाला २०० मिलीहून जास्त होत राहिली तर सोडियम-पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून दाखल करून घेतात. सुरुवातीला लघवीत थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. रक्ताच्या गाठी आल्या किंवा नळी तुंबली तर लगेच सांगा.

प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालची ग्रंथी) ऑपरेशनची घाई मात्र मी करणार नाही. अडथळा प्रोस्टेटचा आहे की मूत्राशयाचा स्नायूच थकलाय, हे आधी कळायला हवं. जुन्या मधुमेहात स्नायूचं दुखणं बरंच दिसतं. युरोडायनॅमिक तपासणीतून (मूत्राशयातला दाब आणि लघवीची धार मोजतात ती) त्याचा अंदाज येतो. स्नायूच थकला असेल तर प्रोस्टेट काढूनही फरक कमी पडतो. हात स्थिर असतील आणि लक्षात राहत असेल, तर कायमच्या नळीपेक्षा दिवसातून ठरावीक वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करणं मला केव्हाही बरं वाटतं. वडील आधी नाही म्हणतील, पण नर्सकडून एकदा शिकून तर घेऊ द्या.

टॅमसुलोसिन (प्रोस्टेटमुळे अडलेली लघवी मोकळी व्हावी म्हणून देतात ती गोळी) सुरू झालं तर उठताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आवर्जून सांगा. नळी राहिलीच तर पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी. नळी असलेल्यांच्या लघवीत जंतू सापडतातच; त्रास नसेल तर नुसत्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक देऊ नका. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.