तळघरातील पाण्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

दारव्हा तालुक्यातील एक कृषी केंद्रचालक विचारतात की, दुकानाखालच्या तळघरात दर पावसाळ्यात पाणी येते. ठेकेदाराने आतून वॉटरप्रूफिंग करण्याचे २,६०,००० रुपये सांगून ६० टक्के रक्कम आगाऊ मागितली आहे. तेव्हा येत्या डिसेंबरात मुदत संपणारी चार लाखांची तीन वर्षांची ठेव आताच, ऑगस्टमध्ये, मोडावी का?

माझ्या मते ठेव मोडू नये आणि आगाऊ रक्कमही तूर्त देऊ नये, कारण पाणी कोठून येते हे ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात कोठेही लिहिलेले नाही. आपल्या पत्रात मात्र त्याचा माग आहे. जोराचा पाऊस झाला की तास-दोन तासांत गल्लीकडच्या भिंतीच्या तळाशी पाणी दिसते आणि दोन दिवस उघाड पडली की ते आटते, असे आपण लिहिता. भूजल वर आले असते, तर पाणी इतक्या लवकर आले नसते आणि इतक्या लवकर ओसरलेही नसते. नळ किंवा टाकी गळत असती, तर पाऊस नसतानाही ओल राहिली असती. म्हणून पहिला संशय छताच्या पाण्यावर जातो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीलगतच्या त्या भेगांतून पहिल्या पावसांचे पाणी थेट पायाशी उतरते. त्यातच छताचा पाइप भिंतीच्या बुडाशी सोडलेला असेल, तर आतून कितीही लेप दिला तरी बाहेरचा दाब त्याला सोलून काढतो.

पाऊस असेपर्यंतच हे तपासता येईल. छताच्या पाइपला जोड देऊन पाणी भिंतीपासून आठ-दहा फूट दूर सोडावे आणि पुढचे दोन-तीन मोठे पाऊस पाहावेत. रात्री सर्व नळ बंद करून टाकीच्या पातळीवर खडूने खूण करावी. जवळ विहीर असल्यास दोर सोडून तिची पातळी तळघराच्या फरशीच्या वर आहे की खाली, हे मोजावे. शोषखड्डा त्याच भिंतीला लागून असेल, तर तोही संशयितच समजावा. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर ज्याला कामाचा ठेका मिळणार नाही अशा स्थापत्य अभियंत्याला फी देऊन लेखी अभिप्राय घ्यावा.

आता पैशाचा हिशेब. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. दोन वर्षे आठ महिने झालेल्या चार लाखांवर एक टक्का धरला, तरी दहा हजारांहून अधिक जातात. शिवाय उरलेल्या चार महिन्यांचे व्याज बुडते ते वेगळेच. त्याऐवजी ठेवीवर कर्ज घेतल्यास दर ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतो. साडेआठ टक्के धरून आगाऊ मागितलेल्या १,५६,००० रुपयांवर चार महिन्यांचे व्याज सुमारे साडेचार हजार होते आणि ठेव तशीच चालू राहते. अर्थात पाइपच्या जोडानेच पाणी थांबले, तर हे कर्जही लागणार नाही.

मोठे काम करावेच लागले, तर आगाऊ रक्कम २० टक्क्यांपुरती ठेवावी, पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि किमान १० टक्के पुढच्या जुलैत तळघर कोरडे राहिल्यावरच देण्याचे करारात लिहून घ्यावे. हमीपत्रात ‘बाहेरील पाण्याची जबाबदारी आमची नाही’ असे वाक्य असेल, तर सही करू नये. तोवर खत-बियाण्यांच्या गोण्या गल्लीकडच्या भिंतीपासून हलवून लाकडी फळ्यांवर रचाव्यात.