सर माझ्यावर खार खाऊन आहेत, क्लाइंबिंग सोडू का?

प्रश्न: ताई, मी साताऱ्यात अकरावी सायन्सला आहे. दिवाळीपासून एका ग्रुपबरोबर क्लाइंबिंगला जातोय आणि आता शनिवार आला की कॉलेजात मनच लागत नाही. दोन प्रॅक्टिकल बुडली, जर्नल अपुरं राहिलं, तर फिजिक्सचे सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, मरायची एवढी घाई झालीय का? तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. त्यांनी घरी फोन केला तर बाबा सगळंच बंद करतील. कड्यावर जे वाटतं ते मला दुसऱ्या कशातच वाटत नाही. हे वेड वाईट आहे का, आणि सरांशी जुळवून कसं घ्यायचं?

उत्तर: वेड वाईट नाही रे. कड्यावर पुढची पकड सोडून डोक्यात दुसरं काहीच शिल्लक राहत नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत, आणि वर पोचल्यावर अंगात जी वीज खेळते ती खरीच असते. तुझ्या वयात मेंदूचा मजा घेणारा भाग एकदम जोरात असतो आणि ब्रेक लावणारा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी ओलांडावी लागते, त्यामुळे तुला हे जितकं भारी वाटतंय तितकं सरांना वाटणारच नाही.

पण एक गोष्ट तपासून बघ. 2005 मध्ये अमेरिकेतल्या टेंपल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. मित्र शेजारी बघत असले की किशोरवयीन मुलं एरवीपेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करायची, मोठ्यांच्यात मात्र फारसा फरक पडला नाही. आता स्वतःला विचार, बघायला किंवा व्हिडिओ काढायला कोणी नसतं तर तोच रूट तू तसाच चढला असतास का? हो असेल तर छान. नसेल तर त्या दिवशी खालीच थांब.

आता सर. वर्गासमोर बोलले ते मला अजिबात पटलं नाही, बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण त्यांच्या जागेवरून काय दिसतं बघ, हजेरीत गैरहजर, जर्नल कोरं, आणि पेपरात दर पावसाळ्यात कुणीतरी पोरगं कड्यावरून नाहीतर धबधब्यातून पडल्याची बातमी. तुमचा ग्रुप दोर लावतो, हेल्मेट घालतो, हे त्यांना कोण सांगणार? तू तर बोलणंच बंद केलंयस! आणि मला सांग, दोर अडकवायच्या कडीचा, कॅराबिनरचा, स्क्रू लॉक करायला विसरलास तर तुमचा लीडर ओरडतो ना? तो ओरडा तू निमूट ऐकून घेतोस, कारण तो कशासाठी ओरडतोय ते तुला माहीत असतं.

म्हणून सोमवारी स्टाफरूममध्ये जा, एकटा जा, मित्रांना नेऊ नको. एवढंच म्हण, सर, दोन प्रॅक्टिकल बुडाली ती माझ्यामुळे, जर्नल पूर्ण करतो, कधी आणून दाखवू? क्लाइंबिंगचा विषयच काढायचा नाही, बाजू मांडायची नाही, आणि सांगितलेल्या दिवशी जर्नल टेबलावर हवंच. हे झालं की निम्मा राग उतरतो, मी कितीतरी शिक्षकांच्या बाबतीत हे बघितलंय.

दुसऱ्यांदा जाशील तेव्हा खरी शंका घेऊन जा. लीड करताना, म्हणजे सगळ्यांत पुढे दोर घेऊन चढताना, पडलास तर झटका किती बसेल हे तू किती उंचावरून पडलास एवढ्यावर ठरत नाही, पडलेलं अंतर भागिले तेव्हा सोडलेला दोर, ज्याला आपण फॉल फॅक्टर म्हणतो, त्यावर ठरतं. 10 मीटर दोर बाहेर असताना 4 मीटर पडलास तर 0.4. पण कड्यावर मध्येच थांबून तुझा दोर धरणाऱ्याच्या, म्हणजे बिलेच्या, वर 2 मीटर चढलास, मध्ये दोर अडकवायला एकही अँकर लावला नाहीस आणि त्याच्याही खाली 2 मीटर, म्हणजे एकूण 4 मीटर खाली आलास तर 2, म्हणजे सगळ्यात वाईट, पडणं दोन्हीकडे 4 मीटरच! लीडसाठीचा डायनॅमिक दोर ताणला जातो आणि झटका गिळतो, एकेरी वापरायच्या (सिंगल) दोराच्या टेस्टमध्ये 80 किलो वजन टाकून पहिल्या पडण्याला 12 किलोन्यूटनच्या वर झटका जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरायचा, स्टॅटिक दोर एवढा ताणतच नाही, म्हणून त्यावर लीड करायचं नसतं. हे असं का, सरांना फळ्यावर काढून मागायचं. लवचिकता तुमच्या अकरावीच्या पुस्तकातच आहे. मस्का म्हणून विचारू नको, शिक्षकांना ते लगेच कळतं. तुझा जीव त्या दोरावर असतो, तुला हे नीट कळायलाच पाहिजे, आणि गावात ते समजावून सांगू शकणारा माणूस हाच आहे.

शनिवारचं प्रॅक्टिकल असेल तर क्लाइंबिंग रविवारी, यात तडजोड नाही. बाबांनाही सरांचा फोन जायच्या आधी तूच सांग, आणि लीडरची त्यांच्याशी गाठ घालून दे. लीडरने ट्रेनिंग कुठं घेतलंय, दोर किती जुना आहे, निघायच्या आधी एकमेकांचे हार्नेस (कमरेचे पट्टे) तपासता का, हे बाबांनी विचारलं तर चिडू नको. आपल्या सह्याद्रीत घट्ट वाटणारा दगडही हातात सुटून येतो आणि कपारीत आग्या मोहोळं असतात, तेव्हा या प्रश्नांची उत्तरं न देणाऱ्या लीडरबरोबर मी तर कुणालाच पाठवणार नाही. हे वेड टिकलं तर बारावीनंतर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स कर, 28 दिवसांचा असतो, शिस्त कडक, आणि तिथले इन्स्ट्रक्टर तुझ्या सरांपेक्षा जास्त ओरडतात.

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे, वय 13. गल्लीतल्या पथकाला तिला हंडीच्या वरच्या थरावर चढवायचंय, तिचीही फार इच्छा आहे. पीटीच्या बाईंनी साफ नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळे ती त्यांच्यावर रुसलीय. मी काय करू? (एक आई, ठाणे)

उत्तर: बाईंच्या बाजूने उभ्या राहा. 14 वर्षांखालच्या मुलांना थरात घेणार नाही असं राज्य सरकारनेच 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सांगितलंय, तेव्हा पथकाने आग्रह करायलाच नको. पण मुलीला नुसतं नाही म्हणून गप्प बसवू नका, तिला उंची आवडते, तोल आवडतो, ही चांगलीच गोष्ट आहे. बाईंनाच विचारा, जवळपास दोरीचा मल्लखांब कुठं शिकवतात, आणि चौकशीला जाताना तिला बाईंबरोबर पाठवा.