ब्रिजमधील ठेव लुटली गेली. देऊ केलेली भरपाई स्वीकारावी का?

प्रश्न : मी माझे इथर (इथेरियम ब्लॉकचेनचे क्रिप्टो चलन) एका ब्रिजमार्फत, म्हणजे एका ब्लॉकचेनवरील नाणी दुसऱ्या ब्लॉकचेनवर वापरू देणाऱ्या सेवेमार्फत, दुसऱ्या ब्लॉकचेनवर नेले. मूळ इथर ब्रिजच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अडकवून ठेवले गेले आणि त्याबदल्यात मला रॅप्ड इथर, म्हणजे त्या ठेवीचे प्रतिनिधित्व करणारे टोकन, मिळाले. पुढे हल्ला होऊन मूळ ठेव चोरीला गेली. आता चालक कंपनी नव्या टोकनच्या रूपाने अंशतः भरपाई देऊ करते आहे. मात्र ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ या मजकुरावर माझ्या क्रिप्टो वॉलेटमधून डिजिटल सही मागते आणि त्यासाठी मुदतही आहे. सही करावी का?

उत्तर : तूर्त करू नये. उरलेल्या मुदतीत एका गोष्टीचा छडा लावावा : हल्ल्याच्या वेळी ते मूळ इथर हलवण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाच्या हाती होता? आपल्या दाव्याचे बळ मुख्यतः त्यावर अवलंबून आहे.

आपल्या वॉलेटमधील रॅप्ड इथर जागेवरच आहे. गेली ती त्यामागची ठेव. त्यामुळे दावा मांडायचा तो त्या ठेवीवरील मालकीहक्काचा, किंवा मागणी करताच ती परत देण्याच्या कराराचा. ब्रिज विकेंद्रित असल्याचे चालक कितीही सांगोत, ठेव हलवण्याच्या चाव्या (गुप्त डिजिटल संकेत) पुष्कळदा मोजक्याच हातांत असतात. मार्च 2022 मध्ये रोनिन ब्रिजमधून 1,73,600 इथर आणि 2.55 कोटी यूएसडीसी (डॉलरशी मूल्य जोडलेले क्रिप्टो नाणे) गेले, तेव्हा नऊपैकी पाच व्हॅलिडेटरच्या (व्यवहारांना मंजुरी देणाऱ्यांच्या) चाव्या चोरांना पुरल्या, आणि त्या पाचांपैकी चार एकाच कंपनीच्या होत्या. अशा रचनेत ‘आम्ही फक्त सॉफ्टवेअर पुरवतो’ असे म्हणून हात झटकणे कंपनीला अवघड जाते. फेब्रुवारी 2022 मधील वर्महोल या ब्रिजचे प्रकरण वेगळे होते. तिथे सह्यांच्या पडताळणीतील दोषामुळे ठेवीशिवायच 1,20,000 रॅप्ड इथर निर्माण झाले. दोष कोडमधला असेल, तर बहुधा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि तो मार्ग खडतर आहे.

न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयाने 2020 मध्ये क्रिप्टोपिया या क्रिप्टो एक्स्चेंजच्या प्रकरणात असे ठरवले, की खातेदारांची क्रिप्टो नाणी ही मालमत्ता आहे आणि एक्स्चेंजने ती विश्वस्त या नात्याने धारण केली होती. हा निकाल आपल्या उपयोगाचा आहे, परंतु क्रिप्टोपियाकडे चाव्या होत्या हे विसरून चालणार नाही. केवळ कोड लिहिणाऱ्यांवर अशी जबाबदारी येते का, हा मुद्दा इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2023 मध्ये पूर्ण सुनावणीस योग्य मानला, एवढेच; त्यावर दावा उभारण्याचा सल्ला मी देणार नाही.

आता त्या सहीच्या मजकुराकडे वळू. त्यातून केवळ कंपनी मोकळी होते, की तिचे संचालक, गुंतवणूकदार आणि कोडचे परीक्षण करणारेही, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चोरीचा माल पुढे सापडला तर त्यावरील हक्कही आपण सोडत आहात का, हे तपासावे. वर्महोलच्या चोरीनंतर वर्षभराने, फेब्रुवारी 2023 मध्ये, लंडनच्या उच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्या चोरीतील मोठी रक्कम एका प्लॅटफॉर्मवरून परत मिळवण्यात आली. म्हणजे हा मुद्दा केवळ कागदावरचा नाही. म्हणून ‘पुढे वसूल होणाऱ्या मालमत्तेतील माझा हिस्सा अबाधित राहील’ असे वाक्य घालण्याची लेखी मागणी करावी, आणि नव्या टोकनचे मूल्य कोणत्या तारखेच्या भावाने धरले व ते विकण्यावर बंदी आहे का, हेही विचारावे.

सेवाशर्ती पाहायच्या त्या आपण ठेव केली त्या दिवशीच्या, आजच्या नव्हेत. लवादाचे आणि परक्या देशाच्या कायद्याचे कलम बहुतेक त्यांतच दडलेले असते. दोन्ही ब्लॉकचेनवरील व्यवहारांचे हॅश (प्रत्येक व्यवहाराची ओळख पटवणारे संकेत), वॉलेटचे पत्ते आणि कंपनीच्या घोषणा तारखेसह जपून ठेवाव्यात. घाबरून रॅप्ड इथर विकू नये. टोकनबरोबर ठेव मागण्याचा हक्कही खरेदीदाराकडे गेला, असा युक्तिवाद कंपनी करू शकते. सही करण्यापूर्वी पान खरोखर कंपनीचेच आहे याची खात्री करावी, कारण हल्ल्यानंतर भरपाईची बनावट पाने हमखास निघतात. गेलेली नाणी परत मिळवून देतो म्हणून आगाऊ शुल्क किंवा सीड फ्रेज (वॉलेटचा ताबा देणारा गुप्त शब्दसमूह) मागणाऱ्यालाही थारा देऊ नये.

रक्कम दाव्याच्या खर्चापेक्षा लहान असेल, तर वरील दुरुस्तीसह भरपाई घेणे व्यवहार्य ठरेल. रक्कम मोठी असेल, चाव्या कंपनीकडे असतील आणि ती दुरुस्ती नाकारत असेल, तर कंपनीची नोंदणी जिथे झाली आहे तेथील वकिलामार्फत मुदतवाढीची मागणी आणि दाव्याची नोटीस, दोन्ही मुदत संपण्यापूर्वी पाठवावीत.